बाईंचा उजवा दिवा

चेरीताल मोहल्ल्यात आमच्या बाईंना कोणी पत्ता विचारला तर त्यानं त्यांच्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहायचं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तोंड म्हणायचं "उजवीकडे वळा" आणि हात दाखवायचा डावीकडे. हात खरा. नवा माणूस तोंडाचं ऐकायचा आणि थोड्या वेळानं घाम पुसत परत येताना दिसायचा. बाई ओट्यावर उभ्याच. वर त्यालाच म्हणायच्या, "मी हात दाखवला होता की नाही?"

याला कारण होतं. बाई एकतीस वर्षं प्रायमरी शाळेत. सकाळची कवायत त्यांच्याकडे. पोरांकडे तोंड करून उभं राहायचं, "दायाँ हाथ ऊपर" म्हणायचं, आणि आपला डावा हात वर करायचा, म्हणजे समोरचं पोर आरशात पाहावं तसं पाहून आपला उजवा उचलतं. एकतीस वर्षं हे केल्यावर त्यांचा डावा हात तोंडानं कायमचा उजवा झाला. गाडी चालवताना मात्र त्यांची चूक होत नसे, कारण गाडी हातांनी चालते. माझ्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात पाठ करून टाकलं, बाईंचा उजवा म्हणजे आपला डावा. मग कधी घोळ झाला नाही.

मी त्यांचा भाडेकरू. फॅक्टरीतून रिटायर झालो, क्वार्टर खाली करावं लागलं, आणि विजय नगरातलं माझं घर अजून विटांच्या थप्पीतच होतं. कोणीतरी सांगितलं, एक मराठी बाई आहेत, एकट्या राहतात, मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. बायकोला घेऊन मी गेलो. पांढरं सुती लुगडं, मनगटावर पुरुषी घड्याळ, पायांत पोरांचे कॅनव्हासचे बूट. बाईंनी भाडं सांगितलं नाही, नोकरी विचारली नाही, आडनावसुद्धा मागाहून विचारलं. आधी विचारलं, "पाढे कितीपर्यंत येतात?"

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण आमच्या वेळची चौथी. म्हणालो, "तीसपर्यंत."

"एकोणतीसचा म्हणा."

बायको माझ्याकडे पाहून राहिली होती. मी उभ्या उभ्या एकोणतीसचा म्हणून दाखवला, दोनशे नव्वदपर्यंत, एका दमात. बाईंनी आतून किल्ली आणून दिली. नंतर कळलं, माझ्याआधी बँकेतला एक साहेब येऊन गेला होता. तो तेराच्या पाढ्यात अडकला.

दुसरी त्यांची तऱ्हा हिंदीची. सगळी नोकरी हिंदी शाळेत, हिंदीतूनच शिकवलं. पण ज्या दिवशी रिटायर झाल्या त्या दिवसापासून फाटकाच्या आत हिंदी बंद. फाटकाबाहेर बोलायच्या, उत्तम बोलायच्या, एखाद्या वकिलासारखं. आत पाय टाकला की मराठी. "एकतीस वर्षं सरकारला हिंदी दिली, आता घरात घरचं बोलू द्या." दूधवाला असो की मीटर वाचणारा, सगळ्यांना एकच वागणूक. भाजीवाला तर इतका तयार झाला होता की फाटकाशी ठेला लावून म्हणायचा, "बाई जी, कोथिंबीर घ्यायची काय? एकदम ताजी आहे जी."

आणि माझी मराठी त्यांना मराठी वाटत नसे. मी नळाखाली बादली लावून म्हणालो, "पाणी भरून राहिलो," की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "भरतो आहे."

"तेच करून राहिलो ना, बाई."

"करतो आहे."

चार वर्षं त्या घरात राहिलो. त्यांनी टोकणं सोडलं नाही आणि मी बोलणं बदललं नाही. दोघंही आपापल्या जागी खुश होतो.

दिव्यांचं काम माझ्याकडे आलं ते या हिंदीपायीच. बाईंपाशी एक छोटी निळी गाडी होती, तेव्हाच पंधरा वर्षं जुनी. समोरच्या दिव्यांची काच, म्हणजे खरं तर प्लास्टिकच, उन्हानं पिवळं पडून म्हाताऱ्याच्या नखासारखं झालं होतं. दिवा लावला की रस्त्यावर चहासारखा उजेड पडायचा, तोही पाणचट चहा. बाईंनी घमापुरातला एक मिस्त्री घरी बोलावला. तो फाटकाच्या आत आला. म्हणजे झालं. बाई म्हणाल्या, "दिव्यात उजेड नाही. मला उजेड हवा आहे."

मिस्त्री गाडीकडे पाहून राहिला, मग बाईंकडे. "अम्मा, उजाड़ काहे करवा रही हो? अच्छी-खासी तो चल रही है।"

"उजेड. उजेड."

त्यानं माझ्याकडे हात जोडले. "भैया, आप ही समझाओ। किसी की चीज़ उजाड़ने का काम हम नहीं करते।"

मी म्हणालो, "अरे भाई, रोशनी बोल रही हैं।" तो हसायला लागला, मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ज्याला उजेड कळत नाही, त्यानं माझ्या दिव्यांना हात लावायचा नाही." मिस्त्री गेला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही फॅक्टरीत काय करत होता?"

त्यांना ठाऊक होतं. चौतीस वर्षं मी ट्रकांना वायरिंग केलं. दिवे लावले. माझ्या हातचे ट्रक कुठल्या कुठल्या डोंगरांत जाऊन आलेत.

आता, एवढी घाई कशाची होती ते सांगतो. बाईंची थोरली बहीण बरेल्याला राहायची, मंडला रोडवर, पाऊण तासाच्या रस्त्यावर. चौऱ्याऐंशीची, अंथरुणाला खिळलेली, माणसं विसरलेली. घर सोडायला तयार नाही, आणि संध्याकाळचं जेवण बाईंशिवाय कोणाच्या हातून घेत नाही. बाई रोज चार वाजता गाडी काढायच्या, बहिणीला जेवू घालून सात-साडेसातला परत. उन्हाळ्यात ठीक. हिवाळ्यात परतीचा सगळा रस्ता अंधारात, आणि त्या साली तर रुंदीकरणासाठी अर्धा रस्ता खोदून ठेवलेला. शेवटची बस पाचलाच निघून जायची. एक दिवस येताना कडेच्या गिट्टीच्या ढिगावर बाईंचं चाक चढलं. बाईंना काही झालं नाही, बंपर तेवढा दबला. पण ही बातमी पुण्याला भाच्याला पोचली.

भाचा म्हणजे बाईंच्या भावाचा मुलगा. गाडी मुळात भावाची, तो गेल्यावर कागद भाच्याच्या नावावर. त्यानं फोनवर सांगितलं, "आत्या, दिवाळीला येतोय. गाडी विकूनच जाणार. तुला आता अंधारात दिसत नाही."

बाई म्हणाल्या, "मला दिसतं. गाडीला दिसत नाही. तू एकदा माझ्या शेजारी बस, अंधार पडल्यावर, बरेल्याहून घरापर्यंत. मग ठरव."

तो कबूल झाला. म्हणजे दिवे सुधारले नाहीत तर गाडी जाणार, आणि गाडी गेली तर तिकडे म्हातारी उपाशी. बाईंनी मला एवढं एकदाच सांगितलं. पुन्हा त्याचा उच्चार केला नाही.

पहिली चूक मी लगेच केली. बाजारात ते पांढऱ्या उजेडाचे नवे बल्ब आले होते. दुकानदार म्हणाला, "दादा, रात का दिन हो जाएगा।" मी आणले, संध्याकाळी बसवले. गल्लीच्या टोकाची भिंत दुधात बुडवल्यासारखी झाली. शेजारपाजारचे बाहेर येऊन पाहून राहिले. मी कमरेवर हात ठेवून उभा. बाई गाडीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "छान. आता तुम्ही त्या टोकाला जा आणि इकडे चालत या."

"काहून?"

"जा तर."

गेलो, वळलो, चालायला लागलो. दहा पावलं आलो असेन. समोर पांढऱ्याशिवाय काही नाही. गाडी नाही, बाई नाहीत, माझे पाय नाहीत. हात डोळ्यांवर घेतला आणि उजवा पाय पिंडरीपर्यंत नालीत गेला. शेजारच्यांपैकी कोणीतरी हसलं. बाईंनी दिवे बंद केले आणि शांतपणे विचारलं, "काय दिसलं?"

"काय दिसणार, बाई."

"बरेल्याच्या रस्त्यावर समोरून सायकलवाले येतात. तिथे कडेला नाली नाही, खड्डा खणलाय, माणूसभर. काढा ते."

मी पाय धुतला, बल्ब काढले, आणि त्या दिवशी जेवलो नाही. राग बाईंचा नव्हता. राग हा, की हे मला माहीत होतं. जुन्या दिव्याच्या आतली, उजेड पुढे फेकणारी कटोरी जुन्या बल्बच्या मापाची असते. तिच्यात दुसरा बल्ब घातला की उजेड रस्त्यावर पडायचा सोडून वाट्टेल तिकडे सांडतो. ट्रकावर मी कोणाला असं करू दिलं नसतं. दुकानदाराच्या बोलण्यावर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोनेट उघडलं आणि बाईंना बोलावलं. जुनाच बल्ब लावला होता, पिवळा, मेंगळट. मी बॅटरीपासून एक जाड वायर घेतली आणि सरळ बल्बाला टेकवली. बल्ब एकदम दुप्पट पेटला.

बाई खाली वाकल्या. "हाच बल्ब?"

"हाच. हा आंधळा नाही, बाई. उपाशी आहे."

मग समजावून सांगितलं. बॅटरीतला करंट आधी स्टेअरिंगखालच्या बटणापर्यंत जातो, तिथून परत पुढे येतो, बारक्या जुन्या वायरींमधून. दिव्यापर्यंत पोचेस्तोवर अर्धा थकतो. आपण काय करायचं, मध्ये एक रिले बसवायची, डबीएवढी वस्तू असते. बटणानं फक्त रिलेला इशारा द्यायचा. करंट जाड वायरीनं सरळ बॅटरीतून दिव्याला.

बाईंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे हेडमास्तरांनी मान हलवायची आणि शिपायानं घंटा द्यायची. हेडमास्तर स्वतः घंटेपर्यंत धावत होते, म्हणून दमत होते."

"बस, तेच."

"मग पंधरा वर्षं धावू का दिलं त्यांना?"

ते काम आम्ही पाच दिवस केलं, अंगणात. वायरी मी ओढल्या. दिव्याची जिथे बॉडीशी अर्थिंग होती तिथला गंज मी खरवडला. पिवळं प्लास्टिक घासायचं काम बाईंनी मागून घेतलं. पाणी लावून बारीक पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक, मग अजून बारीक. स्टुलावर बसून एका दिशेनं, न थांबता, पोरांच्या पाट्या पुसाव्या तसं. शेवटी मी पॉलिशची डबी आणली तर त्यांनी आपलं दंतमंजन काढलं. वाद झाला. एका दिव्याला माझं पॉलिश, एकाला त्यांचं मंजन, असं ठरलं. दोन्ही सारखेच चमकले, म्हणून दोघांनी आपलंच खरं मानलं.

त्या पाच दिवसांत मीही बाईंना एक गोष्ट शिकवली. गाडीत उजवं-डावं आपल्या तोंडावरून ठरत नाही. सीटवर बसलेल्या ड्रायव्हरचा उजवा तो उजवा, तुम्ही कुठेही उभ्या असा. ट्रकावरचा पहिला धडा हाच असतो. बाईंनी ते ऐकलं आणि पुढचा पॉलिश पेपर भिजवला.

भाचा आला त्याच संध्याकाळी आम्ही दिव्यांची नजर बसवत होतो. नजर बसवणं म्हणजे गाडी भिंतीसमोर उभी करायची, दिव्याच्या उंचीची एक रेघ भिंतीवर मारायची, आणि डिपर, म्हणजे खालचा उजेड, त्या रेघेच्या चार बोटं खालीच थांबला पाहिजे. वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यांत. प्रत्येक दिव्यामागे एक स्क्रू असतो, त्यानं खालीवर होतो. बाईंनी पट्टी लावून खडूनं रेघ मारली होती, फळ्यावर मारतात तशी. भिंतीशी उभं राहून त्या म्हणाल्या, "भाऊ, उजवा खाली घ्या. चार बोटं वर आहे." तेवढ्यात फाटकापाशी ऑटो थांबला आणि त्या भाच्याला घ्यायला गेल्या.

मी मनात म्हणालो, बाईंचा उजवा, म्हणजे डावा. आणि भिंतीकडे न पाहता, हाताच्या अंदाजानं डावा चार बोटं खाली घेतला. दिवे बंद केले, बोनेट लावलं.

बाई परत आल्या. "भिंतीवर एकदा पाहून घ्यायचं का?"

भाचा मागे बॅग घेऊन उभा. मी हात पुसत म्हणालो, "चौतीस वर्षं दिवे लावले, बाई. मी दोनदा नाही पाहत."

दुसऱ्या दिवशी चारला निघालो. बाई चालवायला, भाचा शेजारी, मागे मी. मला कोणी बोलावलं नव्हतं. आपलं काम दाखवायला मीच जाऊन बसलो.

बरेल्याला पोचलो तेव्हा ऊन होतं. बहीण खिडकीपाशी खाटेवर, चिमणीएवढी. तिची सून तिकडचीच, हिंदी बोलणारी, स्वभावानं चांगली. तिनं आमच्यासमोर एक घास पुढे केला. म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. सून म्हणाली, "देख लो भैया, रोज का यही है। मौसी जी आएँ तब ही मुँह खोलती हैं।"

बाई खाटेवर बसल्या. वाटीत दूध-पोळी कालवली. आणि म्हणाल्या, "सतरा एके?"

म्हातारी भिंतीकडे पाहत होती. ओठ हलले. "सतरा." तोंड उघडलं तसा चमचा आत गेला.

"सतरा दुणे?"

"चौतीस." दुसरा चमचा.

"सतरा त्रिक?"

"एक्कावन्न."

सूनबाईनं मला हळूच सांगितलं, तिनंही करून पाहिलं होतं, "सत्रह दूनी" म्हणून. म्हातारी दात आवळून बसली. तिच्या डोक्यातून नवरा गेला, मुलगा गेला, आपलं नाव गेलं. पाढे तेवढे राहिले, आणि ते मराठीत राहिले. सतराचा झाला, मग अठराचा. एकोणीस पंचे पंच्याण्णवला वाटी संपली. बाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं. भाचा दारात उभा होता. तो बाहेर जाऊन चपला घालायला लागला, बराच वेळ घालत होता.

निघालो तेव्हा अंधार पडला होता. बाईंनी दिवे लावले. उजेड भरपूर होता, मी खुश झालो. पहिला ट्रक समोरून आला आणि त्यानं आमच्यावर दिवे मारले. बाई डिपरवरच होत्या. त्यानं पुन्हा मारले, लांब हॉर्न दिला. बाईंनी गाडी डावीकडे कच्च्यात उतरवली, थांबवली, दिवे बंद करून बारीक पार्किंगचे ठेवले. ट्रक गेला. बाई पुन्हा रस्त्यावर आल्या.

पुढे एक जीप. तिनंही दिवे मारले. बाई पुन्हा कच्च्यात, पुन्हा दिवे बंद.

तिसऱ्या वेळी भाचा म्हणाला, "आत्या, का थांबतेस?"

"जाऊ दे त्याला."

"दिसत नाहीये का तुला?"

"दिसतं."

मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. उजवीकडच्या झाडांची पानं न् पानं दिसत होती, वरच्या फांद्यांपर्यंत. डावीकडे उजेड बंपरपाशीच संपत होता. बाईंनी त्या संध्याकाळी उजवा म्हटलं ते माझ्यासाठी, मी शिकवलं होतं तसं, ड्रायव्हरचा उजवा. आणि मी ऐकलं ते त्यांच्या पद्धतीनं. त्या माझ्या बोलीत बोलल्या, मी त्यांच्या बोलीत ऐकलं. उजवा दिवा होता तसा वरच राहिला होता, सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. डावा आधीच बरोबर होता, तो मी पाडला. आणि बाई का थांबत होत्या तेही मला कळलं. त्यांना अडचण नव्हती. समोरून येणाऱ्याला खड्ड्यात घालायचं नव्हतं म्हणून त्या दर वेळी आपला दिवा विझवत होत्या.

भाचा मोजत होता. सातव्या वेळी तो म्हणाला, "पुरे, आत्या. सात वेळा थांबलीस. पाऊण तासाचा रस्ता, अर्धाही झाला नाही. हे तुझ्यानं होणार नाही." त्यानं हात लांब करून किल्ली फिरवली, काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "मोठ्या आत्याचं काहीतरी बघू. बाई ठेवू कोणी."

"तिला सतराचा पाढा आला पाहिजे," बाई म्हणाल्या. एवढंच. हात स्टेअरिंगवर, नजर समोर अंधारात. आरशात माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता मी काय माणूस आहे ते सांगतो. फॅक्टरीत एकदा एका ट्रकाची वायर जळली. फोरमन म्हणाला, चुकलं म्हण, कागद फाडून टाकतो. चूक माझीच होती. मी तीन दिवस सस्पेंड होऊन घरी बसलो, पण म्हणालो नाही. बायकोला म्हणालो नाही कधी, बापाला नाही. तो शब्दच माझ्या तोंडाला ठाऊक नव्हता. त्या गाडीत मागे बसून मी काय विचार केला ते सगळं लिहीत नाही. एवढं लिहितो, की पहिला विचार गप्प बसायचाच आला. दिवा तर लागतो आहे, मी म्हणणार होतो. भरपूर लागतो आहे.

मग माझ्या तोंडून निघालं, "साहेब, किल्ली त्यांना द्या. दिवा मी चुकवला."

तो मागे वळला. "काका, तुम्ही तिची बाजू घेऊ नका. तुमचं तिच्यावर प्रेम आहे, मला माहितीये."

"प्रेमबिम काही नाही. माझं चुकलं." एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा तितकं जड गेलं नाही. "त्यांनी भिंतीवर पाहायला सांगितलं होतं. मी पाहिलं नाही. पुढे एखादी भिंत दिसली तर थांबा, दाखवतो."

थोड्या अंतरावर चहाची बंद गुमटी होती, तिच्या मागे विटांची भिंत. भाच्यानं बाईंच्या जागी बसून गाडी तिथवर नेली, भिंतीसमोर लावली. दाखवायला काही बोलावं लागलं नाही. एक उजेड पत्र्याच्या छपरावर चढलेला, दुसरा जमिनीवर लोळत होता. मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. बाईंनी विटेचा तुकडा उचलून भिंतीवर रेघ मारली, खडू नव्हता म्हणून. भाच्यानं मोबाइलचा उजेड धरला. दहा मिनिटं लागली. या वेळी मी दोनदा पाहिलं. तीनदा पाहिलं.

किल्ली त्यानं बाईंच्या हातात दिली. तिथून घरापर्यंत ट्रक आले, जीपा आल्या, एक लग्नाची बस आली. कोणी दिवे मारले नाहीत. एक सायकलवाला आला, मागे बायको बसवून, तो हात डोळ्यांवर न घेता सरळ निघून गेला. बाई कुठेच थांबल्या नाहीत. घरी आल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं किल्ली खुंटीला लावली आणि म्हणाला, "आत्या, मागच्या काचेचा वायपर पण तुटलाय. तो बघून घे." सरळ हो म्हणणं त्यांच्या घराण्यात नव्हतं. बहीण त्यानंतर दोन हिवाळे जगली. ते दोन्ही हिवाळे बाई रोज चारला गेल्या आणि रोज आल्या.

भाचा त्या दिवशी झोपायला गेल्यावर बाई दूध तापवायला स्वयंपाकघरात आल्या. मी दाराशी उभा होतो. म्हणालो, "बाई, तुम्हाला कधी समजलं?"

"पहिल्याच ट्रकला."

"मग बोलल्या काहून नाही?"

"दिवा तुम्ही बसवला. सांगायचं तुम्हीच."

"आणि मी नसतो बोललो तर?"

बाईंनी पातेल्याकडे पाहिलं. दूध वर येत होतं. "तर गाडी गेली असती," म्हणाल्या, आणि गॅस बंद केला.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बायकोच्या हाती वाटीभर पुरण पाठवलं, तेव्हा बोललो. पण राग गेला नाही. बाई आता नाहीत, माझंही वय त्यांच्या तेव्हाच्या वयाला पोचलं, विजय नगरातल्या घरात येऊनही वर्षं झाली, आणि तरी ते आठवलं की राग येतो. तिकडे बहीण तोंड मिटून पडलेली, इकडे किल्ली दुसऱ्याच्या खिशात, आणि ही बाई गप्प बसून राहिली, कोणाच्या भरवशावर, तर माझ्या. असा भरवसा कोणावर ठेवायचा असतो का? ठेवायचाच होता तर आधी त्या माणसाला विचारायला नको?